धारेवरची लोकर

१

नवरा गेल्यावर बाई दुकान चालवते म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं येते ती गादीवर बसून माणसांवर खेकसणारी बाई. सिंधूबाई खेकसायची बराबर, पण गादी तिच्या दुकानात नव्हतीच. जवळा बाजारातून औंढ्याकडं जाणाऱ्या रस्त्याला एक पत्र्याचं शेड होतं. त्यात एक जुना लेथ, एक ग्राइंडर, आणि लोखंड कापायची टूलं मांडून ठेवलेली एक सागवानी फळी. लेथ लेक चालवायची, राधिका. फळी सिंधूबाईची. लेक लोखंडाला चावा घेते, पण त्या चाव्याला दात माय लावते, असं ती सांगायची, कुणी विचारलं नसलं तरी.

सकाळी शटर वर गेलं की आधी फळी. आदल्या दिवशी राबलेली टूलं डिझेलमध्ये बुडवून ब्रशानं धुवायची. टूल ज्यात आवळून बसवतात त्या होल्डरच्या खाचेतला कीस काडीनं उकरायचा, कारण खाचेत केसाएवढा कण राहिला तरी टूल थरथरतं आणि कापलेल्या लोखंडावर लाटा उठतात. स्क्रूला तेलाचा थेंब. मग बोथटलेलं टूल ग्राइंडरवर धरायचं. ठिणग्या उडू द्यायच्या, पण दम धरून, मधूनमधून पाण्याच्या डब्यात बुडवत. लोखंड निळं पडलं की त्याचं पाणी गेलं, धार टिकायची नाही. शेवटी तेलाच्या दगडावर घासायचं, लेकराचं नाक पुसावं एवढ्या हलक्या हातानं.

राधिकाला हेच जमत नव्हतं. लेथवर पोरगी वाघीण, पण ग्राइंडरपुढं उभी राहिली की घाई करायची, टूल दाबून धरायची, आणि निळं पाडायची. मायच्या शिव्या खायची आणि हसायची.

धार लागली की नाही, हे बघायची या दुकानाची रीत जगावेगळी होती. बाकीचे टर्नर नखावर टेकवून बघतात. इथं ग्राइंडरशेजारच्या खिळ्याला काळ्या लोकरीची लट टांगलेली असे. तिच्यातला पुंजका ओढून धारेवरून न्यायचा. अडकला, ताणला, तर अजून दगड. तुटून गप खाली पडला, तर टूल तयार. ही रीत सिंधूबाईच्या नवऱ्याची, मुंजाजीची. मेंढरांमागं वाढलेला माणूस. लेथ शिकायच्या कितीतरी आधी बापाच्या कातरींना धार लावायला शिकला, आणि कातरीची परीक्षा लोकरीवरच होते. लोक हसायचे. शाफ्ट, म्हणजे यंत्राचा फिरता दांडा, हातात आला की हसायचे थांबायचे.

तर त्या दिवशी सकाळी सिंधूबाईनं शटर उघडलं, फळीकडं गेली, आणि तिला दगडाखाली लोकरीचा पुंजका पडलेला दिसला. सरळ कापलेला.

तिनं अजून एकाही टूलला हात लावला नव्हता.

२

सिंधूबाई भुताखेतांना मानणारी नव्हती. मानायला वेळ लागतो, आणि तिच्यामागं कामं होती. तिनं मनाशी म्हटलं, कालचा राहिला असेल. पण काल संध्याकाळी तिनंच झाडलं होतं, आणि ती झाडते तेव्हा फरशीसुद्धा तिला घाबरून असते. मग उंदीर. पण उंदीर कुरतडतो. हा पुंजका एका ओढीत कापलेला होता.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. त्यापुढच्याही दिवशी. आणि मग एका सकाळी फळीवरचं एक टूल तिनं हातात घेतलं आणि तसंच धरून उभी राहिली.

टूल म्हणजे बोटाएवढी चौकोनी पोलादी कांडी. तिच्या टोकाला डाव्या अंगानं धार काढतात. कारण लेथपुढं उभ्या माणसाच्या डाव्या हाताला चक असतो, लोखंड पकडून गरगर फिरणारा जबडा, आणि टूल त्याच्याकडं कापत कापत सरकतं. सिंधूबाईच्या हातातल्या कांडीला धार होती, उत्तम होती, असली धार तिला स्वतःलाही रोज साधत नव्हती. पण ती उजव्या अंगानं होती. आरशात बघावी तशी.

"हे तू केलंस?" तिनं लेकीला विचारलं.

राधिकानं टूल बोटांत फिरवून पाहिलं. "माझ्या हातचं असतं तर निळं नसतं का पडलं?"

"मंग कोण केलं?"

पोरीनं टूल परत फळीवर ठेवलं. मग म्हणाली, आबा मला शिकवताना असंच टूल घासायचे, पलीकडून दाखवायला.

ते खरं होतं. तेव्हा लेथ शेडच्या मधोमध होता. राधिका लहान, डब्यावर उभी राहून हँडल फिरवायची, आणि मुंजाजी तिच्या पाठीशी उभा न राहता लेथच्या पलीकडं, तिच्यासमोर उभा राहायचा. पाठीमागून हात धरून शिकवलं तर पोरीला हात कळतो, काम कळत नाही, म्हणायचा. समोरून दाखवायचा. तिचं डावं ते त्याचं उजवं. त्याच्या डाव्या अंगाला उभी राहून सिंधूबाई त्याला पुसलेली टूलं द्यायची. असे ते तिघं एका मशीनभोवती, जेवायला बसल्यासारखे.

मुंजाजी गेला तो काम करता करता. हातात तेलाचा दगड होता, खाली बसला, आणि उठला नाही. दिवस झाले आणि त्याचा भाऊ किसनराव येऊन म्हणाला, वैनी, आता दुकानात पोरगी एकटी उभी राहणार, तिचं तोंड रस्त्याकडं नको. लोक बघतात. लेथ भिंतीला लावा. सिंधूबाईच्या अंगात तेव्हा भांडायला जीव नव्हता, नाहीतर तिनं त्याला त्याच भिंतीला लावलं असतं. चार माणसांनी लेथ ढकलला. तेव्हापासून राधिका रस्त्याकडं पाठ आणि भिंतीकडं तोंड करून काम करते. लेथ आणि भिंत यांच्यामध्ये हात जेमतेम जाईल एवढी फट उरली. बाईमाणसाचं तोंड रस्त्याकडं असलं की गावाचं काय जळतं, ते गावच जाणे.

३

दुपारी लाइट जायची. ती रोजच जाते, त्यात नवल काही नाही. लेथचा पट्टा फडफडत मंदावतो, ग्राइंडरचं चाक बराच वेळ आपल्याच नादात फिरत राहतं, आणि मग शेडमध्ये अशी शांतता होते की पत्रा तापल्याचा टक् आवाज ऐकू येतो. राधिका तेवढ्यात घरी जाऊन भाकरी घेऊन यायची. सिंधूबाई फळीपाशी बसून राहायची.

त्या दुपारी ग्राइंडरचं चाक थांबलं आणि तरीही आवाज येत राहिला.

खस्. थांबा. खस्. थांबा.

तेलाच्या दगडावर पोलाद घासल्याचा आवाज. त्यात गफलत व्हायला तो आवाज तिनं काय एकदोनदा ऐकला होता? जन्म गेला होता त्याच्यात. आणि तेलाचा दगड तिच्या पुढ्यात होता, फडक्यात गुंडाळलेला.

तिनं स्वतःला समजावलं. शेजारच्या वेल्डिंगवाल्याकडं काही घासत असतील. ती उठून बाहेर आली. वेल्डिंगवाला शटर अर्धं ओढून झोपला होता. रस्त्यावर एक कुत्रं, तेही झोपलेलं. ती आत आली. आवाज लेथकडून येत होता. लेथकडून नाही, लेथच्या मागून. जिथं हात जेमतेम जातो तिथून.

दुसरी कुणी असती तर पळाली असती. सिंधूबाईनं पदर खोचला, लेथवर वाकली आणि त्या फटीत हात घातला.

आवाज थांबला. भिंत थंड होती. दुपारची, तापलेल्या पत्र्याखालची भिंत, आणि विहिरीच्या आतल्या दगडासारखी थंड. बोटांना काहीतरी मऊ लागलं. तिनं ते चिमटीत धरून बाहेर काढलं आणि उजेडात आणलं.

लोकर. कापलेली. पण काळी नाही. भुरी.

 एवढे दिवस तिनं दगडाखालचे पुंजके झाडून टाकले होते. शेडच्या त्या कोपऱ्यात अंधार, त्यावर तेलकट काजळी, तिला वाटलं काळीच असणार. तिनं रंग बघितलाच नव्हता.

तिच्या माहेरच्या कळपात भुऱ्या रंगाची एकच मेंढी होती. लग्न ठरल्यावर त्या मेंढीची लोकर तिनं कातरणीला जपून ठेवली, स्वतः सूत काढलं, आणि होणाऱ्या नवऱ्यासाठी घोंगडी विणून घेतली. मुंजाजीनं ती जन्मभर वापरली. तसल्या रंगाची दुसरी घोंगडी गावात नव्हती. माती द्यायला नेलं तेव्हा तीच अंगावर घातली होती. ती त्याच्याबरोबरच गेली.

सिंधूबाईनं पुंजका नाकाशी धरला. मेंढीचा वास नाही, तेलाचा नाही. ओल्या मातीचा.

भीती वाटली का? वाटली. पण भीतीच्या आधी जे मनात आलं ते वेगळंच होतं. तिच्या मनात आलं, तोडून तोडून आता घोंगडी अंगावर राहिली तरी किती असेल.

४

राधिकाला तिनं काही सांगितलं नाही. लेकीला भिववून काम कसं व्हायचं. पण ती आता लेकीकडं बघत राहू लागली, आणि बघितल्यावर तिला जे दिसलं त्यानं तिची झोप उडाली.

राधिका वाकायची.

लेथवर काम करणारा माणूस थोडा वाकतोच. टूल कुठं लागलंय ते बघायला. पण राधिका टूलकडं बघत नव्हती. ती भिंतीकडं बघायची. फिरत्या लोखंडाच्या वरून अंग पुढं न्यायची, मान तिरकी करायची, कान भिंतीकडं. बहिऱ्या म्हाताऱ्याशी बोलताना माणूस जवळ जातो तशी. ओठ हलायचे. चक तिच्या छातीखाली गरगरत असायचा, आणि तिला त्याचं भानच नसायचं. आणि दर दिवशी ती जराशी जास्त वाकायची.

लेथ माणसाला समजत नाही. त्याला कापड दिलं तर कापड ओढतो, केस दिले तर केस, आणि त्यामागं डोकं येतंय की काय हे तो बघत नाही. म्हणून या दुकानात ओढणी दारातल्या खुंटीला अडकवायची आणि केस टोपीत कोंबायचे, हा नियम. मुंजाजीनंच घालून दिलेला.

"कोणाचं ऐकून राहिलीस गं?" सिंधूबाईनं एकदा विचारलं, सहज विचारल्यासारखं.

"मशीनचं. बेअरिंग वाजून राहिलं."

बेअरिंग वाजत नव्हतं. सिंधूबाईनं लोखंडी सळई टेकवून, दुसरं टोक कानाला लावून, सगळी बेअरिंगं तपासली. एकही वाजत नव्हतं.

लेक बापाची होती, हे तिला पहिल्यापासून माहीत होतं. पोरगी झाली म्हणून लोकांनी तोंडं वाकडी केली तेव्हा मुंजाजीनं पेढे वाटले होते. जीव लावलेली माणसं गेल्यावर मागं वळून बघतात, ज्याच्यात जीव अडकला त्याला हाक मारतात, असं म्हाताऱ्या बाया सांगायच्या, आणि सिंधूबाई त्यांना वेड्यात काढायची. आता दुपारच्या शांततेत तो दगडाचा आवाज ऐकताना तिला त्या म्हाताऱ्या आठवायच्या. त्याला लेक हवी आहे का? एकट्याला करमत नसेल. तिकडं टूलं पुसून द्यायला कुणी नसेल.

एका दुपारी तिनं फटीकडं तोंड करून हळूच सांगून पाहिलं की पोरीला अजून सगळं बघायचंय, तिला ओढू नका. आवाज थांबला नाही. घाईही झाली नाही. खस्. थांबा. खस्.

५

दसरा तोंडावर आला होता. सोयाबीन काढून रानात पडलेलं, वरून आभाळ येऊन राहिलेलं, आणि अशा वेळी हट्टा गावच्या उकंडरावाच्या मळणी यंत्राचा शाफ्ट मोडला. तो बिचारा शाफ्ट खांद्यावर घेऊनच आला. तातडी होती. राधिकानं लोखंडाचा नवा गोल दांडा लेथवर चढवला, सिंधूबाईनं तिच्या हातात ताजं टूल दिलं, तिची टोपी स्वतःच्या हातानं कानापर्यंत ओढली. उकंडराव बाहेर बाजेवर बसून आभाळाला शिव्या देत होता.

काम छान चाललं होतं. लोखंडाचा कीस निघत होता, मऊ, लांब, वेटोळं वेटोळं. सिंधूबाई दुसरं टूल घासायला वळली. घासलं, लोकरीवरून नेलं, पुंजका खाली पडला, आणि तिनं मान वर केली.

राधिका वाकली होती. एवढी कधीच वाकली नव्हती. कान जवळजवळ भिंतीला. टोपी मागं सरकलेली. आणि वेणी खांद्यावरून घरंगळून खाली लोंबत होती, फिरत्या शाफ्टच्या वर, हलकेच डुलत, मेंढीच्या शेपटीसारखी.

सिंधूबाई ओरडली नाही. ओरडलं की माणूस दचकतं, आणि लेथवर दचकलेलं माणूस पुढं झुकतं. हेही मुंजाजीनंच शिकवलेलं. ती चालत गेली. ती चाल तिच्या आयुष्यातली सगळ्यात लांब होती. एका हातानं मेन स्विच खाली ओढला आणि दुसऱ्या हातानं वेणी मुठीत धरली. बंद केला तरी लेथ लगेच थांबत नाही. मंदावत मंदावत थांबतो. तोपर्यंत ती वेणी धरून उभी राहिली. वेणीचं टोक शाफ्टला लागून चट् चट् वाजत होतं.

मग शांतता झाली. राधिकानं झोपेतून उठल्यासारखं मायकडं पाहिलं.

"भिंतीतून नीट ऐकू जात न्हाई माय," ती म्हणाली. "म्हणून वाकावं लागतं."

"काय ऐकू जात न्हाई? काय म्हणतात ते?"

"ते मी तुला न्हाई सांगणार."

पोरगी जिद्दी. कुणावर गेली, ते विचारायला नको. सिंधूबाईनं तिला बाजूला बसवलं, पाणी दिलं. आणि मग पदर खोचून ती भिंतीपुढं उभी राहिली. नवऱ्याशी ती जन्मभर जशी भांडली तशीच बोलली, खालच्या आवाजात, कारण बाहेर गिऱ्हाईक होतं.

"अवो, ऐकून राहिले का? लेकराला फिरत्या मशीनवर वाकवता? जित्तेपणी तुमीच म्हणायचे न, फिरत्या लोखंडावर सावलीबी पडू देऊ नको. मेल्यावर अक्कल गेली का तुमची?"

मागून दगडाचा आवाज आला. अर्धाच. खस् म्हणून सुरू झाला आणि मध्येच थांबला, चूक कळल्यावर माणसाचा हात थांबतो तसा.

 तिला तो दिसला. डोळ्यांना नाही, मनाला. भिंत आणि लेथ यांच्या मध्ये चेंगरून उभा. ज्या जागेवर उभं राहून त्यानं लेकीला शिकवलं त्या जागेवर भिंत आणून ठेवली, आणि बिचारा बाजूला व्हायचं सोडून तिथंच उभा राहिला. भिंतीतून बोलल्यावर ऐकू कसं जाईल कुणाला?

बाहेरून उकंडरावानं विचारलं, काय झालं. लाइट गेली, येईल, असं तिनं सांगितलं. मग स्वतः राधिकामागं उभी राहिली, तिची वेणी मुठीत धरून, आणि शाफ्ट पुरा करून घेतला.

६

दुसऱ्याच दिवशी खंडेनवमी. त्या दिवशी हत्यारं धुऊन, तेल पाजून मांडायची, हळदीकुंकू, झेंडू, आणि कशालाच कामाला लावायचं नाही. किसनराव दरवर्षी पूजेला यायचा, शिऱ्यासाठी. या वर्षी वैनीनं त्याच्या हातात शिऱ्याच्या आधी पहार दिली.

तो म्हणाला, आज मशीनला हात लावत नाहीत.

"चालवायचं न्हाई आज," सिंधूबाई म्हणाली. "हलवायला कोण नको म्हणलं?"

"आन् पोरीचं तोंड रस्त्याकडं होईल, त्याचं काय?"

"पोरीचं तोंड धुतलेलं आहे, भाऊजी. ज्यानं त्यानं आपापलं बघावं."

वेल्डिंगवाला आला, त्याची दोन माणसं आली. पहारीनं लेथ उचलून खाली पाइपाचे तुकडे सरकवले आणि तो इंचाइंचानं भिंतीपासून सुटू लागला, म्हातारी म्हैस उठावी तसा कुरकुरत. सगळ्यांत आधी किसनरावानं वाकून मागं पाहिलं.

"उंदरानं घर केलं की वो इथं," तो म्हणाला.

भिंतीच्या कडेनं लोकर साचलेली होती. भुरी, बारीक बारीक पुंजके, पायाच्या घोट्याएवढा थर. त्यावर काळ्या किसाची आणि तेलाची धूळ. सिंधूबाईनं पुढं होऊन पाहिलं. किसनरावानं हातातली पहार खाली टेकवली.

त्या थरात दोन जागा मोकळ्या होत्या. झाडल्यासारख्या स्वच्छ, खालची फरशी दिसत होती. पावलांच्या आकाराच्या. पाचही बोटं लेथकडं. पण पूर्ण पावलं नाहीत. बोटं, चवडा, आणि मग जिथं टाच यायची तिथं भिंत सुरू होत होती.

उजव्या पावलाचा अंगठा वाकडा होता. तरुणपणी त्यावर शाफ्ट पडला होता, तेव्हा हळद सिंधूबाईनंच भरली होती.

किसनराव पाणी प्याला आणि शिरा न खाता घरी गेला. बाकीच्यांना तिनं लेथ मधोमध बसवायला लावला, पूर्वी होता तिथं, फरशीवर त्याच्या जुन्या पायांच्या खुणा अजून होत्या. मग सगळ्यांना वाटी वाटी शिरा देऊन वाटेला लावलं. राधिका पूजेची फुलं आवरत होती. सिंधूबाई एकटी पुन्हा भिंतीपाशी गेली.

मघाशी माणसं होती म्हणून तिनं तोंड उघडलं नव्हतं. पण तिनं पाहिलं होतं. त्या दोन पावलांच्या डाव्या अंगाला, अगदी खेटून, आणखी एक जागा होती. लहान, बाईच्या पावलाएवढी. नुकती झाडायला घेतल्यासारखी, कडेला पुंजके लोटलेले. अंगठ्याशेजारच्या बोटाच्या मुळाशी एक गोल वळसा उमटला होता. जोडव्याचा.

राधिका कुवार होती. आणि सिंधूबाईची जोडवी बायांनी मुंजाजी गेला त्याच दिवशी काढून घेतली होती.

७

लेथ मधोमध आल्यावर रस्त्यानं जाणारे दोनचार दिवस थबकून बघायचे. मग त्यांना कंटाळा आला. राधिका सरळ उभी राहून काम करू लागली. वाकायचं तिनं सोडलं. वाकायची गरज राहिली नव्हती. कधीकधी ती मान वर करून समोर बघायची, जिथं आता चांगली दोन माणसं उभी राहतील एवढी जागा होती, आणि ओठ हलवायची, आणि पुन्हा खाली बघायची.

सिंधूबाईनं माहेरी निरोप धाडला. भावानं काळ्या लोकरीचा मोठा पेळू आणून दिला. तो तिनं लेथच्या पलीकडच्या अंगाला, खांबाला खिळा ठोकून टांगला. ग्राइंडरशेजारच्यापेक्षा मोठा. दुसऱ्या दिवशी दगडाखाली पडलेला पुंजका काळा होता. त्यानंतर भुरा कधी पडला नाही. त्या सकाळी तिला बरं वाटलं. थंडी येऊन राहिली होती.

एका दुपारी लाइट गेली आणि राधिका घरी निघाली, तेव्हा तिनं तिला थांबवलं. म्हणाली, आता सांग.

राधिकानं नखानं हातावरचं तेल खरवडलं. 

"आबा एकच इचारतात. तुझी माय आली का."

"मंग तू काय सांगते?"

"न्हाई म्हणते. अजून न्हाई." पोरीनं फडक्याला हात पुसला. "त्यांना ऐकूच जात नव्हतं, माय. परत परत इचारायचे. म्हणून जवळ जाऊन सांगत होते."

सिंधूबाईला वाटत होतं, आपण लेकीला त्याच्यापासून राखून राहिलो. आणि लेक फिरत्या चकावर गळा ठेवून मायला राखत होती. तिनं लेकीच्या तोंडावरून तेलकट हात फिरवला. तिला रागवावंसं वाटलं, पण तिनं लेकीला भाकरी आणायला पिटाळलं.

त्या संध्याकाळी राधिका ओढणी घ्यायला दाराशी गेल्यावर ती लेथच्या पलीकडं गेली. कीस झाडायला खराटा लावला तर फरशीवर तेच दिसलं. दोन मोठी पावलं, आता टाचांसकट. आणि डाव्या अंगाला एक जोडी लहान, स्वच्छ झाडलेली. तिनं घमेल्यातला कीस त्या लहान जागेवर ओतला आणि पायानं सारखा केला.

"इतकी घाई काहून करून राहिले?" ती म्हणाली. "पोरीच्या हातचं टूल अजून निळं पडतं. धार कोण लावून देईल तिला? तिच्या हातचं टूल लोकर कापू द्या. मंग येते मी. आपल्या पायानं येते."

पलीकडं काही हललं नाही. खांबाला टांगलेल्या पेळूचं एक टोक मात्र वारा नसताना जरासं ताणलं गेलं, आणि सुटलं.

आता रोज संध्याकाळी ती त्या जागेवर कीस पसरते. रोज सकाळी ती जागा झाडलेली असते, देवघराच्या पाटासारखी. जोडव्याच्या वळशासकट.

आणि रोज सकाळी राधिका ग्राइंडरपुढं उभी राहते. टूल दाबून धरते. ठिणग्यांचा फवारा उडतो, पाण्याचा डबा शेजारीच असतो, पण ती बुडवत नाही. पोलाद आधी पिवळं होतं, मग जांभळं, मग निळं. ते पाहून ती टूल खाली ठेवते आणि खाली मान घालून उभी राहते.

परवा सिंधूबाई तिची बाही मागं सारायला गेली, तर बाहीच्या घडीत काळ्या लोकरीचा पुंजका अडकलेला होता. ताजा. एका ओढीत सरळ कापलेला. आणि राधिकाच्या खिशाच्या तोंडाशी पोलादाचं एक टोक दिसत होतं, लख्ख पांढरं, डाव्या अंगानं घासलेलं, निळ्याचा डागसुद्धा नसलेलं.

माय लेकीच्या तोंडाकडं बघत राहिली. लेकीनं नजर वर केली नाही.

सिंधूबाईनं तो पुंजका चिमटीत धरून काढला, मुठीत दाबला आणि कमरेला खोचून टाकला. मग फळीवरचं निळं टूल उचललं, उजेडात धरलं, आणि लेथच्या पलीकडं ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं लेकीवर खेकसली.

"पुन्हा निळं पाडलं? किती वर्षं शिकवू गं तुला?"